अंगणातली कोंबडी: आधी पाळली, मग खाल्ली

इ.स.पू. ५४ मध्ये ज्युलियस सीझर दुसऱ्यांदा ब्रिटनवर चालून गेला. त्या मोहिमेच्या वृत्तांतात त्याने तेथील लोकांविषयी एक चमत्कारिक नोंद करून ठेवली आहे. ससा, कोंबडी आणि हंस यांचे मांस खाणे हे लोक निषिद्ध मानतात; मात्र हेच प्राणी ते केवळ आवडीखातर पाळतात, असे तो सांगतो.

रोमन सेनानीने टिपलेली ऐकीव गोष्ट म्हणून हे वाक्य ओलांडून जाणे सोपे होते. परंतु गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी त्या काळातील कोंबड्यांची हाडे नव्याने तपासली आणि सीझरचे म्हणणे बव्हंशी खरे असल्याचे दिसू लागले. ब्रिटनमधील लोहयुगीन कोंबड्यांचे सांगाडे अनेक ठिकाणी अखंड सापडतात. त्यांवर सुरीच्या खुणा नाहीत; पक्षी खड्ड्यात नीट ठेवून पुरलेला आहे. नराच्या पायामागचा काटा वयाबरोबर वाढत जातो. त्याच्या मापावरून वय काढले तेव्हा लोहयुगापासून सॅक्सन काळापर्यंतच्या तपासलेल्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक दोन वर्षांपेक्षा जास्त जगले होते आणि सुमारे चौथा हिस्सा तीन वर्षांपलीकडे गेला होता. ज्याला कापायचेच आहे, तो कोंबडा तीन वर्षे कोणी पोसत नाही.

आजचा धागा या पक्ष्याचा आहे. राजे, लढाया आणि तहनामे यांच्या धाग्यांत तो कधी येत नाही. पण माणसाने ज्या जिवाला एकाच अंगणात माया लावली आणि त्याच अंगणात कापले, त्याचा इतिहास आपल्याला माणसाविषयी पुष्कळ सांगून जातो.

आरंभ कोठे झाला, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणारा एडवर्ड ब्लाइथ त्याला पत्रांतून भारतीय पशुपक्ष्यांची माहिती पुरवीत असे. १८६८ च्या ग्रंथात डार्विनने असा निष्कर्ष काढला की जगातील सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून निघाल्या. २०२० साली शेकडो पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा मूळ अधिक नेमके सापडले: नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातली तांबड्या रानकोंबड्याची एक उपजात. पाठोपाठ २०२२ मध्ये हाडांची कालगणना नव्याने मांडली गेली. आपल्या जुन्या पुस्तकांत कोंबडी मोहेंजोदडोत माणसाळली असे वाचायला मिळते. आता त्या दाव्यावर गंभीर शंका घेतली गेली आहे. निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या दरम्यानची आहेत.

कारण मोठे साधे निघाले. तेथे भाताची आणि भरडधान्याची कोरडवाहू शेती पसरू लागली, खळ्यावर दाणे सांडू लागले आणि रानातला पक्षी दाण्यांच्या मागे वस्तीत आला. कोणी त्याला पकडून आणले असे नव्हे. तोच आला, आणि राहिला.

येथे आपल्या सह्याद्रीचा एक धागा गुंफलेला आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. गावठी कोंबडीचे पिवळे पाय आपण सर्वांनी पाहिले आहेत. तांबड्या रानकोंबड्याचे पाय मात्र पिवळे नसतात. मग हा रंग आला कोठून? २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे. हा पक्षी दक्षिण आणि पश्चिम भारताचा. आपल्या घाटातल्या जंगलात पहाटे त्याची तुटक बांग आजही ऐकू येते. म्हणजे पाळीव कोंबडी पूर्वेकडून फिरत फिरत या देशात आली, येथील रानातल्या चुलत्याशी तिचा संकर झाला आणि ती खूण घेऊन तिचे वंशज जगभर गेले. युरोप-अमेरिकेच्या कुक्कुटशाळांतल्या कोट्यवधी पक्ष्यांच्या पायांवर भारतीय रानाचा हा शिक्का आहे.

भूमध्य समुद्राकाठी कोंबडी पोहोचली ती इ.स.पू. ८०० च्या सुमारास. प्रारंभी तेथेही ती नवलाची वस्तू होती. मोठ्या प्रमाणावर कोंबडी खाल्ल्याचा सर्वांत जुना ठोस पुरावा आजच्या इस्रायलमधील मारेशा या हेलेनिस्टिक नगरात मिळतो. पाळणे आणि खाणे यांच्यामध्ये शतकांचे अंतर होते, ते असे मिटत गेले.

रोमनांनी मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. युद्धापूर्वी शकुन पाहण्यासाठी ते पवित्र कोंबड्या बाळगीत. त्यांनी दाणे उत्साहाने टिपले तर कौल शुभ. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईआधी कोंबड्यांनी दाण्याला चोच लावली नाही. सेनापती क्लॉडियस पुल्केर संतापला. खात नसतील तर पिऊ देत, अशा अर्थाचे काहीतरी म्हणत त्याने त्यांना समुद्रात फेकून दिले. लढाईत त्याच्या आरमाराचा दारुण पराभव झाला. पुढे शंभर वर्षांच्या आतच, इ.स.पू. १६१ मध्ये, मेजवान्यांच्या उधळपट्टीला आळा घालणारा कायदा रोममध्ये झाला. एका जेवणात एकच कोंबडी, आणि तीही मुद्दाम चारून पुष्ट केलेली नसावी, असे त्यात कलम होते. ज्या पक्ष्याचा कौल घ्यायचा, त्याच्यावर ताटात बंदी घालण्याची वेळ आली होती!

कोलुमेला या पहिल्या शतकातील शेतीलेखकाने तर कोंबडीपालनाचे संपूर्ण शास्त्र लिहिले. खुराडे स्वयंपाकघराला लागून असावे, म्हणजे चुलीचा धूर पक्ष्यांना मिळेल, कारण तो त्यांना मानवतो. उबवायला ठेवायची अंडी नेहमी विषम संख्येत असावीत. दोनशे पक्ष्यांमागे एक राखणदार पुरे. त्यासाठी एखादी दक्ष म्हातारी किंवा पोरगा नेमावा. हे वाचताना कोकणातले एखादे परसदार डोळ्यांपुढे येते. दोन हजार वर्षांत राखणदार काही बदललेला नाही.

रोमची एक कथा मात्र मला विशेष आवडते. ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटले तेव्हा सम्राट होनोरियस राव्हेनाला सुरक्षित बसला होता. त्याच्या पक्ष्यांची निगा राखणाऱ्या सेवकाने येऊन सांगितले की रोम गेले. सम्राट ओरडला, आत्ताच तर त्याने माझ्या हातून दाणे खाल्ले! कारण ‘रोम’ नावाचा एक धिप्पाड कोंबडा त्याचा लाडका होता. नगराविषयी बातमी आहे हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. ही हकीकत प्रोकोपियसने शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली आणि इतिहासकार ती खरी धरत नाहीत. निष्क्रिय सम्राटाची टवाळी हाच तिचा हेतू. पण टवाळीदेखील ओळखीच्या गोष्टीचीच करता येते. कोंबड्यावर जीव लावणारा माणूस वाचकांना परका वाटत नसणार.

विश्वासार्ह साक्ष हवी असेल तर बोलोन्याच्या उलिस्से आल्द्रोव्हांदीकडे जावे. १५२२ ते १६०५ हा त्याचा काळ. युरोपातील सृष्टिविज्ञानाच्या आद्य अभ्यासकांत त्याची गणना होते. १६०० साली निघालेल्या त्याच्या पक्षीग्रंथाच्या दुसऱ्या खंडात कोंबड्यांवर प्रदीर्घ विवेचन आहे आणि त्यात मध्येच त्याने आपल्या एका कोंबडीची गोष्ट सांगितली आहे. ही कोंबडी इतर कोंबड्यांत मिसळत नसे. दिवसभर घरात एकटीच हिंडे. रात्री मात्र ती त्याच्याजवळच, त्याच्या पुस्तकांत, आणि तेही मोठ्यात मोठ्या ग्रंथांवर झोपे. दुसरीकडे कोठे जायचे तिने नाकारले होते.

आता गंमत पाहा. ज्या प्रकरणात ही कोंबडी ग्रंथांवर झोपते, त्याच प्रकरणात कोंबडी कशी शिजवावी, तिचा रस कोणत्या रोगावर द्यावा, तिचा कोणता अवयव कोणत्या औषधात पडतो याची पानेच्या पाने आहेत. आल्द्रोव्हांदीला यात विसंगती जाणवली असे दिसत नाही. मला वाटते, अंगणात कोंबडी पाळणाऱ्या कोणालाच ती पूर्वी जाणवत नव्हती. किंवा जाणवत होती आणि त्याविषयी बोलण्याची रीत नव्हती.

आपल्याकडे या पक्ष्याविषयीचा लिखित शब्द फार जुना आहे, पण तो दुटप्पी आहे. भरहुतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या शिल्पांत, झाडावर कोंबडा आणि खाली त्याला भुलवू पाहणारी मांजर कोरलेली आहे. कुक्कुटजातकाची ही कथा. चरकसंहिता कुक्कुटमांस बलवर्धक सांगते. उलट मनुस्मृती द्विजांना लसूण आणि ग्रामकुक्कुट यांना एकाच पंक्तीत बसवून वर्ज्य ठरवते. ‘ग्राम’ हा शब्द लक्षात घ्या. रानातल्या कोंबड्याबद्दल तक्रार नाही; गावातला, उकिरडा उकरणारा पक्षी नको. या निषेधाचा एक परिणाम इतिहासलेखनावर झाला, असे माझे मत आहे. लेखणी ज्यांच्या हाती होती, त्यांच्या वाड्यांत खुराडे नव्हते. कोंबड्या होत्या त्या कुणब्यांच्या, कोळ्यांच्या, दलितांच्या, आदिवासींच्या, मुसलमानांच्या अंगणांत. बखरींतून घोडे आणि हत्ती नावानिशी भेटतात. ज्या पक्ष्याने घराघरातल्या बाईचा हात थोडा सैल ठेवला, त्याला मात्र तेथे जागा मिळाली नाही.

ती जागा बोलीत मिळाली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण राजकारणाच्या चर्चेत वापरतो; पण ते ‘झाकणे’ म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगावे लागते. रात्री मुंगूस, बोका आणि कोल्हा यांच्यापासून राखण म्हणून बांबूचे डालगे कोंबड्यांवर उपडे घालतात. अंडे घालू लागण्याच्या वयाला आलेली ती तलंग. अंडी घालणे थांबवून उबवणीला बसते ती खुडूक. ती अंग फुगवते, जवळ जाणाऱ्याला टोचते, दाण्यापाण्यासाठी जेमतेम उठते आणि २१ दिवस बसून राहते. एका पक्ष्याच्या आयुष्याच्या टप्प्यांना ज्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, त्या भाषेने तो पक्षी रोज जवळून पाहिलेला असतो.

कोंबडी ही घरातल्या बाईची स्वतःची मिळकत होती. शेत नवऱ्याच्या नावावर, बैल घराण्याचे. अंड्यांचे पैसे मात्र तिचे. त्यातून मीठ-मिरची येई, लेकराची पाटी येई. जिच्याकडे कोंबडी नाही तिला शेजारीण निम्म्या वाट्याने देई: तू सांभाळ, पिल्ले अर्धी तुझी, अर्धी माझी. सुख होते ते असे. दुःखही त्याच दारातून येई. घार पिल्लू उचलून नेई, आणि दिवसभर कोंबडी त्या जागी घुटमळत राही. देवाला कोंबडा बोललेला असे. पाहुणा आला की मुलांचे डोळे आधी खुराड्याकडे वळत. कोणता जाणार हे त्यांना मोठ्यांच्या आधी कळे. ज्याला हातावर दाणे घालून वाढवले, त्याचा रस्सा त्याच संध्याकाळी पानात येई. काही मुले जेवत नसत. बहुतेक जेवत, आणि ही शिकवण शाळेत मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत या पक्ष्याला निराळेच दिवस आले. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली आणि शौकीनांचे लक्ष सौंदर्याकडे वळले. १८४० च्या दशकात चीनमधून आलेल्या, पायांवर पिसे असलेल्या प्रचंड कोंबड्या राणी व्हिक्टोरियाच्या विंडसरच्या पक्षिशाळेत पोहोचल्या आणि देश वेडावला. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनला मोठे प्रदर्शन भरले. एकेका जोडीला शंभर डॉलरवर किंमत मिळू लागली. जॉर्ज बर्नहॅम या विक्रेत्याने राणीला कोंबड्या नजर केल्या, त्या प्रसिद्धीवर बक्कळ पैसा केला आणि फुगा फुटल्यावर १८५५ मध्ये या ‘कोंबडीज्वरा’चा इतिहास लिहून आपल्याच गिऱ्हाइकांची थट्टा केली. आपल्यासाठी एक टीप: या जातींना ‘कोचीन’ आणि ‘ब्रह्मा’ अशी नावे पडली. पहिल्या जातीचा केरळच्या कोचीनशी संबंध नाही. ‘ब्रह्मा’ हे ब्रह्मपुत्रेवरून पडलेले नाव, पण त्या पक्ष्यांचे रक्त मुख्यतः चिनीच. दुकानदाराला भारत विकायला सोपा होता.

यानंतर दोन घटना तीन-चार वर्षांच्या अंतराने घडल्या, आणि त्यांनी अंगणाचे भवितव्य ठरवले.

पहिली अमेरिकेतली. १९२३ साली डेलावेअरमधील सेसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली. चुकून ५०० आली. तिने ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली आणि तीन वर्षांत तिच्याकडे १०,००० पक्षी झाले. मांसासाठी वेगळी कोंबडी वाढवण्याचा धंदा येथून फोफावला. त्याच देशाच्या सरकारने पाचच वर्षांपूर्वी, पहिल्या महायुद्धात, घरातल्या प्रत्येक माणसामागे परसात दोन कोंबड्या पाळा अशी भित्तिपत्रके लावली होती.

दुसरी आपल्या देशातली. १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे कोंबड्यांचा एक भयंकर साथीचा रोग ओळखला गेला. त्याच सुमारास इंग्लंडातल्या न्यूकॅसललाही तो आढळला होता, म्हणून जग त्याला त्या गावाच्या नावाने ओळखते आणि आपण राणीखेत म्हणतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत त्याला ‘मानमोडी’ म्हणतात, आणि हे नाव दोन्ही शास्त्रीय नावांहून अचूक आहे. पक्ष्याची मान पिळवटते, तो गोल गोल फिरतो, पडतो. साथ आली की सकाळी डालगे उचलावे आणि सगळी खुराडी गार पडलेली असावी. वर्षाची मिळकत एका रात्रीत जाते.

यावर लस आली. १९४० च्या दशकापासून ती भारतातच तयार होऊ लागली. अडचण शास्त्राची नव्हती, मापाची होती. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते, ती थंड राखावी लागते आणि फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण ती कशी वापरणार? ऑस्ट्रेलियातील पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे उष्णता सोसणारी लस खास खेड्यांतल्या कोंबड्यांसाठी विकसित केली, आणि आफ्रिकेतल्या अनेक गावांत ती पोहोचली. आपल्याकडे शेड आणि अंगण यांच्यातली दरी वाढतच गेली. १९७१ मध्ये हैदराबादेत वेंकटेश्वर हॅचरीज सुरू झाली; पुढे पुणे या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. शेडमधली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, गावठी पन्नास-साठ. शेडमधला मांसाचा पक्षी सुमारे सहा आठवडे जगतो. लोहयुगातला तो तीन वर्षांचा कोंबडा येथे आठवावा.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातली ही पहिली नोंद. शेडमध्ये पक्षी मरू लागले तेव्हा अनेकांना ती नेहमीची राणीखेत वाटली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणू असल्याचे सांगितले. मग पांढरे पोशाख घातलेली पथके आली. ठरलेल्या परिघात पक्षी मारायचे होते आणि परिघाला शेड आणि अंगण यांतला भेद कळत नाही. लाखो शेडपक्ष्यांबरोबर आदिवासी पाड्यांतल्या कोंबड्याही गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत तोच रोग अंगणातल्या कोंबड्यांतच सापडला. माणसांना बाधा झाल्याचे तेव्हा कोठेही सिद्ध झाले नाही. साथ रोखायची तर पक्षी मारण्याला पर्याय नव्हता, हेही खरे. भरपाई मिळाली, ती नगावर. खुडूक कोंबडी हा एक नग, आणि तिच्याखालची अंडी नष्ट करण्याच्या यादीत.

अंगणे पुन्हा भरावीत म्हणून सुधारित वाण वाटण्याच्या योजना या राज्यात आहेत. हैदराबादच्या संशोधन संस्थेचा वनराजा, बेंगळुरूच्या विद्यापीठाचा गिरिराज हे पक्षी दिसायला गावठीसारखे आणि अंड्यांना सरस. मात्र अधिक अंडी हवी म्हणून निवड करत जाताना एक गोष्ट त्यांच्यातून निघून गेली. हे पक्षी सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायची असतील, तर कोणाच्या तरी घरची गावठी कोंबडी एकवीस दिवसांसाठी मागून आणावी लागते.